पिकअप घेत नाही

नागपूरचा आणि समुद्राचा संबंध रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीपुरता आहे. समुद्रसपाटीपासून आपण किती उंचावर आहोत, हे रेल्वे पाटीवर लिहून ठेवते. आमची उंची तीनशे मीटरच्या थोडी वर भरते. प्रत्यक्ष समुद्र पाहायचा तर समृद्धी महामार्गावर ७०१ किलोमीटर गाडी हाकावी लागते आणि तेवढी हाकल्यावर माणूस ठाणे जिल्ह्यातल्या आमणे गावी पोचतो. तिथूनही समुद्र दिसत नाही. १९५३ च्या नागपूर कराराने विधिमंडळाचं एक अधिवेशन आम्हाला दिलं, नोकऱ्यांत आणि शिक्षणात वाटा द्यायचं कबूल केलं. किनाऱ्याचा विषय त्यात निघालाच नाही. पुढे १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीने रस्त्यांपासून सिंचनापर्यंत सगळा अनुशेष मोजला, पण समुद्राचा अनुशेष मोजायचा तिच्याकडूनही राहून गेला.

तळी मात्र आम्हाला मुबलक आहेत. अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा, सोनेगाव, गांधीसागर. पण या पाण्याशी नागपूरकराचा व्यवहार काठावर उभं राहून भुट्टा खाण्याचा. पाण्यात उतरणं हे काम त्याने जलपर्णीकडे सोपवलेलं आहे.

त्यातून आमचा सदर भाग म्हणजे तर पक्का कोरडवाहू. रेसिडेन्सी रोड, मंगळवारी बाजार, लिबर्टी चौक, वरून जाणारा उड्डाणपूल आणि खाली त्या पुलाच्या सावलीत लावलेल्या गाड्या. शेजारच्या गड्डीगोदामला खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यांत वर मेट्रो अशी चार मजली वाहतूक आहे. वाहतुकीचा पाण्यावरचा एकच प्रकार आमच्याकडे बाकी होता. तोही एका सकाळी मालवाहू ऑटोत, सतरंजीत गुंडाळून सदरला आला.

ते होडीचं इंजिन होतं. होडीच्या मागच्या फळीला दोन चिमट्यांनी आवळून लावायचं, दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक, पंधरा घोड्यांचं. नागपूरपासून तासाभरावरच्या एका जलाशयात मासेमारीचा ठेका घेतलेले एक भाऊ ते घेऊन आले होते. भाऊंच्या ओळखीचा एक उस्ताद मंगळवारी बाजाराच्या मागच्या गल्लीत दुचाक्या दुरुस्त करतो. पूर्वी कुठल्याशा धरणावर पंपाच्या इंजिनांवर काम केलेलं असल्यामुळे पाण्याजवळच्या कोणत्याही यंत्रात त्याला गती आहे, असा भाऊंचा समज. उस्ताद तेव्हा बाहेर गेला होता. इंजिन मात्र फुटपाथवर उतरलं आणि सदरमध्ये एखादी वस्तू फुटपाथवर उतरली की ती सार्वजनिक होते.

"काय झालं भाऊ?"

"पिकअप घेत नाही," भाऊ म्हणाले.

तक्रार मोठी चमत्कारिक होती. काठावरून निघताना इंजिन एकदम टकाटक. दहा-बारा मिनिटं होडी सुसाट. मग तलावाच्या ऐन मध्यावर एकाएकी दम सोडतं, घरघरतं आणि बसतं. तिथं अर्धा तास थांबलं की पहिल्या दोरीत चालू होतं आणि काठाला लागेस्तोवर पुन्हा धापा टाकतं. भाऊंच्या होडीवरच्या ढिवरांनी कारणही शोधलं होतं. इंजिन दर वेळी त्याच जागी बंद पडतं, म्हणजे तलावातली ती जागाच खराब. तिथं पूर्वी मामा-भाचे बुडाले होते. मग त्या जागी नारळ फोडायला सुरुवात झाली. नारळ सोलायचा, हात जोडायचे, गाऱ्हाणं घालायचं, खोबरं वाटून खायचं. एवढं होईस्तोवर अर्धा तास जातो आणि इंजिन चालू होतं. नारळाचा गुण दर वेळी येत होता. काठापासून दहा मिनिटांवर जी जागा येते ती रोज तीच असणार, हा मुद्दा कोणी काढला नाही. मामा-भाच्यांपुढे भूमितीचं काय चालणार!

आता जमलेल्या मंडळींपैकी कोणीही असं इंजिन आयुष्यात जवळून पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे मत द्यायला कोणालाच अडचण नव्हती.

शेजारच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याने वाकून पाहिलं आणि सेन्सर गेल्याचं जाहीर केलं. त्या इंजिनात सेन्सर नावाचा प्रकारच नव्हता. वायरिंगवाल्याचं मत करंटवर पडलं. "प्लगले करंट भेटून नाही राहिला. कॉइल गरम झाली का बसते." हे मत अगदीच टाकाऊ नव्हतं. कॉइल तापल्यावर दगा देते आणि थंड झाली की शहाणी होते, हे खरंच आहे. भाऊंचा मेहुणा पेट्रोलवर घसरला. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पेट्रोल पावसाळाभर टाकीत पडून राहिलं तर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतं आणि इंजिनाची नळीही नेमकी तळातूनच ओढते. जुनं रबरही त्यात फुगतं. मेहुण्याचं हे ज्ञान तंतोतंत बरोबर होतं. इथेनॉलचा देशातला सर्वांत मोठा पुरस्कर्ता आमचाच खासदार असल्यामुळे या विषयावर नागपुरात दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसं तयार असतात. त्यामुळे पुढची वीस मिनिटं इंजिन बाजूला राहिलं आणि नितीनभाऊंवर चर्चा झाली.

एक निवृत्त रेल्वेवाले काका रोज त्या गल्लीतून भाजी घेऊन जातात. त्यांची हयात मोतीबागच्या नॅरोगेजच्या कारखान्यात गेली. आता तिथं रेल्वेचं संग्रहालय आहे. ते थांबले, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "व्हॅक्यूम."

कोणी लक्ष दिलं नाही. कारण काका प्रत्येक गोष्टीला व्हॅक्यूम म्हणतात. जुन्या गाड्यांना व्हॅक्यूमचे ब्रेक असत. गाडी अडली की दोष बहुधा तिथंच निघे. त्या अनुभवावर काकांनी पुढे घरातला फ्रिज, सुनेचा कुकर आणि स्वतःची बद्धकोष्ठता या सगळ्यांचं निदान व्हॅक्यूमवर बसवलेलं आहे.

शेवटी बहुमत कार्बोरेटरवर गेलं. ते तिथंच जाणार होतं. कार्बोरेटर हा शब्द उच्चारला की बोलणाऱ्याचं वजन वाढतं. तो खोलता येतो, त्यात बारीक जेट असतात, ते तोंडाने फुंकता येतात, उजेडाकडे धरून एक डोळा मिटून पाहता येतात. निदान करणाऱ्याला ज्यात अभिनयाला वाव आहे तो भाग नादुरुस्त ठरतो, हे मी डॉक्टरांपासून अर्थतज्ज्ञांपर्यंत सगळीकडे पाहिलं आहे. झाकण, चाप, नळी, दोरी या भागांना हा मान नाही. ते बिघडले तरी त्यांच्यावर कोणी परिसंवाद घेत नाही.

कार्बोरेटर खोलण्याआधी इंजिन एकदा चालवून पाहू, असं ठरलं. दोरी ओढायचा कार्यक्रम सुरू झाला. आधी मेहुण्याने ओढली, मग वायरिंगवाल्याने, मग अंडाभुर्जीच्या गाडीवरचा धिप्पाड पोऱ्या आला. येणारा-जाणारा दोन हात ओढून जात होता. इंजिन ढिम्म. आता कार्बोरेटरसोबत पिस्टन, रिंगा आणि मॅग्नेट यांचीही नावं घेतली जाऊ लागली. खर्चाचा अंदाज वीस हजारांवर गेला. भाऊंनी घाम पुसायला खिशातून रुमाल काढला, तेव्हा एक लाल वेटोळ्याची दोरी खाली पडली.

तेवढ्यात उस्ताद परत आला होता. त्याने ती दोरी उचलली, तिच्या टोकाची प्लॅस्टिकची क्लिप इंजिनावरच्या एका लाल बटणाखाली सरकवली आणि बाजूला झाला. पोऱ्याने ओढताच इंजिन धडाडलं.

ही दोरी चालवणाऱ्याने मनगटाला नाहीतर जॅकेटला बांधायची असते. माणूस पाण्यात पडला तर क्लिप निघते आणि इंजिन बंद होतं. नाहीतर होडी एकटीच पुढे निघून जाते, किंवा फिरून त्याच माणसाच्या अंगावर पंख्यासकट येते. क्लिप नसेल तर ओढणारा कितीही धिप्पाड असो, इंजिन चालू होत नाही. भाऊंनी ही दोरी हरवू नये म्हणून खिशात ठेवली होती. वीस हजारांचा खर्च तिथल्या तिथं वाचला, पण त्याचा आनंद भाऊंशिवाय कोणालाच झालेला दिसला नाही.

इंजिन धडाडल्याबरोबर उस्तादने झडप घालून ते बंद केलं. "पाण्याबिगर चालवाचं नाही! आतलं रबर जळते!" या इंजिनाच्या खालच्या पायात रबरी पात्यांचं एक चाक असतं. ते बाहेरचं पाणी ओढून इंजिनात फिरवतं आणि इंजिन थंड ठेवतं. पाणी असेस्तोवर पाती ओली आणि खुशीत. कोरडी फिरली तर मिनिटाच्या आत त्यांचा भुगा होतो. म्हणजे फुटपाथवर चांगलं इंजिन बिघडवण्याचा मार्ग मंडळींनी अचूक शोधला होता.

मग निळा प्लॅस्टिकचा ड्रम आला. नळाला पाणी संध्याकाळी येतं म्हणून बाजूच्या हॉटेलातून बादल्या आल्या. ड्रमवर फळी, फळीवर इंजिन, पेट्रोलसाठी उस्तादच्या दुकानातला डबा आणि त्यातून सोडलेली नळी. इंजिन चालू झालं. मागच्या भोकातून पाण्याची धार निघाली आणि थेट मोबाईलवाल्याच्या पँटवर पडली. धार चांगली होती. खाली पाणी आत ओढणाऱ्या भोकात प्लॅस्टिकची पिशवी नाहीतर जलपर्णी अडकली की ही धार बारीक होते, इंजिन तापतं. नवीन इंजिनं अशा वेळी शिटी मारून आपला वेग आपणच कमी करतात, जुनी न सांगता बसतात. म्हणजे तापण्याचा मुद्दा सध्या तरी बाद. मेहुण्याने उत्साहात गिअर टाकून पाहिला. पंख्याने अर्धा ड्रम गल्लीत उपसला आणि सदरला त्या दिवशी पहिल्यांदा लाट पाहायला मिळाली.

इंजिन अर्धा तास चाललं. घरघर नाही, मिसिंग नाही, काही नाही. घरी तापाने फणफणलेलं पोर डॉक्टरच्या टेबलावर बसवलं की खेळायला लागतं, तसं ते निर्लज्जपणे चालत राहिलं. भाऊंचा चेहरा पडला. चालतं इंजिन दुरुस्तीला आणणाऱ्या माणसाकडे लोक ज्या नजरेने पाहतात, ती त्यांना सोसवेना.

उस्तादने स्टुलावर बसून बिडी पेटवली. "आवाज चढला होता का उतरला होता?"

"म्हणजे?"

"होडी थांबली तवा. इंजिनचा आवाज."

"आवाजाकडे कोन पाहते उस्ताद! मी देवाचं नाव घेऊन राहिलो होतो."

या एका प्रश्नात अर्ध्या जगाचा निकाल लागतो. होडी मंदावली आणि इंजिनाचा आवाज चढला, तर इंजिन ठणठणीत आहे. खोट त्याच्या खाली आहे. पंख्याची पिन तुटली असेल, पंख्याचं आतलं रबर सुटून तो नुसताच फिरत असेल, नाहीतर इंजिन फळीवर जास्त उंच बसल्यामुळे पंखा पाण्याऐवजी हवा कापत असेल. होडीबरोबर आवाजही उतरला, तर इंजिनाला काहीतरी मिळत नाहीये, नाहीतर झेपत नाहीये. पेट्रोल, करंट, थंड पाणी यांपैकी एक तुटलंय, किंवा पंख्याला जाळ्याचा नायलॉन गुंडाळला गेलाय, किंवा होडीत सहाऐवजी अकरा माणसं बसली आहेत. अकरा माणसं असतील तर दुरुस्ती गॅरेजमध्ये होत नाही, काठावर होते.

भाऊंना आठवून आठवून एवढं आठवलं की आवाज उतरला होता.

"दोन्ही सिलिंडर एकदम उतरले का एक-एक?"

"एकदम."

"फुगा कसा होता?"

टाकीतून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत मध्ये एक रबरी फुगा असतो. इंजिन चालू करण्याआधी तो दाबून दाबून कडक करायचा, म्हणजे पेट्रोल वर चढतं. त्यावर बाण असतो, तो इंजिनाकडे. चालत्या इंजिनाचा दम गेला की पहिल्यांदा फुग्याला हात लावायचा. कडक असेल तर पेट्रोल पोचतंय, पुढे शोधा. लिबलिबीत असेल तर नळी कुठंतरी हवा घेतेय. आणि चपटा होऊन आत ओढला गेला असेल, तर मागून पेट्रोल येऊ देत नाही असं काहीतरी टाकीकडे बसलेलं आहे. तीन आण्याचं हे रबर सगळ्या पंचायतीपेक्षा जास्त सांगतं. पण त्यावर कोणाची नजर जात नाही, कारण नजर इंजिनाच्या झाकणावरच्या घोड्यांच्या आकड्यावर असते.

"फुगा..." भाऊ इकडेतिकडे पाहू लागले. "फुगा तं टाकीच्या नळीले हाय."

"मंग टाकी कुठाय?"

टाकी तलावावर होती. भाऊंनी चाळीस किलोचं इंजिन सोडवलं, दोघांनी उचललं, सतरंजीत बांधलं, ऑटो केला, तासभर हेलकावे खात सदरला आणलं. हातात धरून आणता आली असती ती टाकी तिथंच झाडाखाली ठेवली. "टाकीले काय धाड भरली? टाकी तं चांगली हाय."

इथं मला या यंत्राच्या जनकाची आठवण काढावीशी वाटते. ओले एव्हिनरूड हा अमेरिकेतल्या मिलवॉकीचा, जन्माने नॉर्वेचा. १९०६ च्या उन्हाळ्यात तळ्याकाठच्या सहलीत त्याच्या प्रेयसीला आइस्क्रीम हवं झालं. तो वल्हवत पलीकडे गेला, वल्हवत परत आला आणि तोवर आइस्क्रीमचं पाणी झालं, अशी गोष्ट सांगतात. वल्ह्यांवरच्या या रागातून निघालेलं त्याचं इंजिन १९०९ मध्ये बाजारात आलं. दीड घोड्याचं, ६२ पौंडांचं. दिनशॉचं आइस्क्रीम खाऊन मे महिना काढणाऱ्या नागपूरकराला हा माणूस घरचा वाटावा. पण त्याचा खरा दूरदर्शीपणा वेगळाच होता. त्याच्या इंजिनाची टाकी इंजिनावरच बसवलेली होती. इंजिन सदरला आणि टाकी तलावावर अशी फारकत त्याने होऊच दिली नसती. पुढे इंजिनं मोठी झाली, टाकी वेगळी झाली, मध्ये नळी आली आणि दोष एका गावी, दुरुस्ती दुसऱ्या गावी असा कारभार सुरू झाला. आमच्याकडे राजधानी आणि उपराजधानी यांच्यात हे पूर्वीपासून आहे.

हे सगळं थट्टेने लिहितोय, तरी एक गोष्ट सांगायला हवी. होडीचं इंजिन नागपूरला अगदीच परकं नाही. सदरला लागून असलेल्या सिव्हिल लाइन्समध्ये राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, नागरी संरक्षणाचं महाविद्यालयही इथंच होतं. दोन्ही १९५७ मध्ये नागपुरात आली. आग, भूकंप, पूर यांत माणसं कशी काढायची ते शिकायला देशभरातून लोक येतात आणि सदरमध्ये चहा पितात. २३ सप्टेंबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी ओसंडला, नाग नदी घरांत शिरली. पहाटे अंबाझरी लेआउटच्या रस्त्यांवर रबरी होड्या फिरत होत्या. त्या रात्री माणसं गेली, संसार वाहून गेले. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. बचाव पथकातले जवान या इंजिनाला ओबीएम म्हणतात. अशा पाण्यात साडी, केबलची तार, पोतं, बुडालेली मोटारसायकल, गतिरोधक, सगळं पंख्याच्या वाटेत येतं. तिथं इंजिनाने दम सोडला तर परिसंवादाला वेळ नसतो. क्लिप, फुगा, टाकी, पंखा, धार, मग प्लग. स्वस्तापासून महागाकडे, बाहेरून आत. ज्याच्या होडीत लोक बसलेले असतात तो झाकणापासून सुरुवात करतो. कार्बोरेटरपासून सुरुवात करायला माणूस काठावर असावा लागतो.

दुसऱ्या दिवशी टाकी आली. लाल, ठोकळ्यासारखी, वर काळं झाकण. आदल्या दिवशीची सगळी मंडळी वेळेवर हजर होती. मोबाईलवाला पँट बदलून थोडा लांब उभा होता. उस्तादने टाकीकडे एक नजर टाकली, झाकणावर बोट फिरवलं आणि काहीच बोलला नाही. नळी जोडली, फुगा दाबून कडक केला, इंजिन चालू केलं आणि ड्रममध्ये जेवढी देता येईल तेवढी रेस देऊन ठेवली. एक हात थ्रॉटलवर, दुसरा फुग्यावर. पाच मिनिटं, दहा मिनिटं. कालचा अर्धा तास ऐकून लोकांना कंटाळा आलेलाच होता.

मग फुग्याच्या कडा आत जाऊ लागल्या. हळूहळू तो चपटा झाला, त्याला मधोमध खळी पडली. इंजिनाचा सूर खाली आला, घरघर लागली. "हेच! हेच!" भाऊ आनंदाने ओरडले. आपलं इंजिन खरंच बिघडलेलं आहे, याचा एवढा आनंद मी कोणाला झालेला पाहिला नाही. उस्तादने फुग्यावरचा हात काढला आणि टाकीच्या झाकणावरचा छोटा स्क्रू अर्धा आटा फिरवला. फुस्स आवाज झाला. फुगा टम्म फुगला आणि इंजिन खणखणीत बोलायला लागलं.

झाकणावरचा तो स्क्रू हवेचा असतो. टाकीतून पेट्रोल जाईल तेवढी हवा आत यावी लागते. स्क्रू बंद असेल तर जरा वेळ भागतं, मग आत पोकळी तयार होते आणि इंजिनाच्या पंपाला पेट्रोल ओढवेनासं होतं. थांबलं की कुठून तरी पाझरून हवा आत येते, तेवढ्यावर इंजिन पुन्हा दहा मिनिटं चालतं. दम जाण्याचं कारण ते, नारळाचा गुण येण्याचंही कारण तेच. गल्लीत इंजिन आदल्या दिवशी मजेत चाललं, कारण उस्तादच्या डब्याला झाकणच नव्हतं.

आणि स्क्रू बंद कोणी केला? भाऊंच्या पोऱ्याने. मोटारसायकलवरून टाकी नेताना पेट्रोल सांडलं म्हणून भाऊंनी त्याला चार शिव्या दिल्या होत्या. त्याने तेव्हापासून स्क्रू पकडीने आवळून ठेवला. पेट्रोल सांडायचं थांबलं होतं. त्याच्यापुरतं काम चोख झालेलं होतं.

पाच सेकंद गल्ली शांत होती. मग मोबाईलवाला म्हणाला, "एवढंच?"

त्या 'एवढंच'मध्ये फसवणुकीची भावना होती. दोन दिवस लोक कामधंदा सोडून उभे होते, मतं दिली होती, भांडले होते. आणि शेवटी अर्धा आटा! पण माणूस आपलं मत असं टाकून देत नाही. कार्बोरेटरवाले पहिल्यांदा सावरले. "म्हणजे कार्बोरेटरलेच पेट्रोल भेटत नव्हतं ना? तेच तं म्हणून राहिलो आम्ही." वायरिंगवाल्याने सांगितलं की एवढ्या वेळा बंद पडल्यावर प्लग काळे झालेच असतील. मेहुण्याने इथेनॉलमुळे झाकणाचं रबर फुगून स्क्रू जाम झाला असेल, अशी जोड दिली. मला काकांची आठवण झाली. एकट्या काकांनी अचूक सांगितलं होतं, पहिल्याच तासात, एका शब्दात. मी वळून त्यांना म्हटलं, "काका, तुमचं खरं निघालं. व्हॅक्यूमच होतं." काका माझ्याकडे दयेने पाहत म्हणाले, "नाही हो. काल रात्री मी विचार केला. हे कार्बोरेटरचंच काम आहे."

उस्ताद इंजिन उतरवायला लागला तसे भाऊ अस्वस्थ झाले. "उस्ताद, आता आणलंच हाय, तं कार्बोरेटर खोलून घ्या."

"चालून राहिलं ना भाऊ. काहून खोलता?"

"तसं नाही. थोडं साफ-गिफ..."

"चालत्या इंजिनले आपन हात नाही लावत."

भाऊंनी त्याला कोपऱ्यात नेलं. त्यांची अडचण खरी होती. तलावावर गेल्यावर सगळे विचारणार, काय निघालं? सदरला नेऊन, दोन दिवस ठेवून, दोनदा ऑटोचं भाडं भरून झाकणाचा स्क्रू ढिला करून आणला, असं ठेकेदाराने ढिवरांना सांगायचं? ते तर लहानपणापासून पाण्यावर. उद्या माशांचा हिशेबही ते भाऊंना सांगू देणार नाहीत. उस्तादला ते पटलं. त्याने भंगाराच्या डब्यात हात घालून कुठल्याशा स्कूटरचा एक काळा पडलेला जेट काढला, पुसला, कागदाच्या पुडीत बांधला आणि भाऊंच्या हातात ठेवला. "हे निघालं म्हना." पुडीचे पैसे घेतले नाहीत. ड्रमच्या पाण्याचे आणि दोन दिवसांच्या चहाचे घेतले.

भाऊ खूश होऊन गेले. ऑटोत इंजिन, टाकी आणि खिशात पुडी. लाल दोरी त्यांनी या वेळी गळ्यात घातली होती.

सदरमध्ये मात्र ज्ञान वाया जात नाही. त्या दिवसापासून आमच्या भागात कार्बोरेटरचं महत्त्व उतरलं आणि झाकणाचं चढलं. इन्व्हर्टर बंद पडला, गॅस नीट पेटेना, गाडीने धक्का खाल्ला, की पहिला प्रश्न, "हवा मोकळी केली का?" मोठमोठी यंत्रं बारीकशा गोष्टीवर अडतात, हे तत्त्व सगळ्यांना पाठ झालं आणि ते जो तो दुसऱ्याला, आपणच शोधल्याच्या सुरात, सांगू लागला.

परवा लिबर्टी चौकात एकाची स्कूटर ऐन सिग्नलला बंद पडली. मेहुणा, वायरिंगवाला, मोबाईलवाला सगळे धावले. कोणीही कार्बोरेटरचं नाव काढलं नाही. वायरिंगवाल्याने अनुभवी हाताने टाकीचं झाकण उघडलं, मोबाईलवाल्याने झाकणाचं बारीक भोक फुंकून साफ केलं, मेहुण्याने पुन्हा उघडून हवा नीट आत गेल्याची खात्री केली. स्कूटर चालू होईना. चार-पाच वेळा झाकण उघडलं, चार-पाच वेळा लावलं. मागे गाड्यांची रांग मंगळवारी बाजारापर्यंत गेली. शेवटी गर्दीतून एक शाळकरी पोरगी पुढे आली, उघड्या झाकणातून तिने आत वाकून पाहिलं आणि म्हणाली, "काका, याच्यात पेट्रोलच नाही."